तांबडा बोल आणि करवत : नाजूक गाभ्यांच्या तयारीच्या नोंदी

काम: घाटमाथ्याजवळून जाणाऱ्या पाण्याच्या बोगद्यासाठी घेतलेल्या बोअरमधले गाभे, म्हणजे पोकळ बिटने काढलेले खडकाचे दंडगोल, चाचणीयोग्य करणे. बोगद्याच्या पातळीवर नेमका दोन लाव्हा प्रवाहांचा सांधा येतो. वरच्या प्रवाहाचा तळ घट्ट बेसॉल्टचा. त्याखाली तांबड्या बोलाचा, म्हणजे दोन प्रवाहांमधल्या लाल मातकट थराचा, पट्टा. त्याखाली खालच्या प्रवाहाचा कुहरी (पोकळ्यांनी भरलेला) माथा, विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो, आणि काही बोअरमध्ये ज्वालामुखी ब्रेशिया, म्हणजे सांधला गेलेला तुकड्यांचा दगड. घट्ट बेसॉल्टचे नग, म्हणजे चाचणीच्या मापाचे तुकडे, कुणीही कापून देईल. बोगदा त्रास देतो तो या मधल्या पट्ट्यात, आणि अहवालांत आकडे सर्वांत विरळ असतात तेही याच पट्ट्याचे. त्यामुळे या नोंदी मुख्यतः त्याच्याच आहेत.

२ फेब्रुवारी, बोअरच्या जागी

एरवी गाभा प्रयोगशाळेत पोहोचतो तेव्हा पेटीत, उन्हावाऱ्यात पंधरवडा काढून आलेला असतो. तोवर बोलाचा खाचेत तांबडा चुरा उरतो आणि लॉगमध्ये ‘अत्यंत कमकुवत, नमुना मिळाला नाही’ एवढीच ओळ पडते. म्हणून या वेळी बोल लागायच्या आधीच यंत्राजवळ हजर राहण्याची परवानगी मागून घेतली.

घट्ट बेसॉल्टमध्ये डबल ट्यूब बॅरल (गाभा धरणारी दुहेरी नळी) चालू होते, त्याला हरकत नव्हती. बोलासाठी ट्रिपल ट्यूब लावून घेतली. डबल ट्यूबमध्ये आतली नळी फिरत नाही हे खरे, पण गाभा तिच्यातून काढताना ठोकावा नाहीतर दाब देऊन ढकलावा लागतो. घट्ट दगड ते सोसतो, बोल सोसत नाही. ट्रिपल ट्यूबमध्ये आत आणखी एक, उभी दुभागलेली नळी असते. ती सबंध बाहेर काढायची आणि शेंगेसारखी उघडायची. गाभ्याला हात लागत नाही.

तिसऱ्या नळीमुळे गाभा मात्र बारीक होतो. एनक्यू आकारात ४७.६ मि.मी. चा ४५ होतो, एचक्यूमध्ये ६३.५ चा ६१.१. आंतरराष्ट्रीय खडक-यांत्रिकी संघटनेच्या, म्हणजे आयएसआरएमच्या, पद्धतीत दाबक्षमतेच्या नगाचा व्यास साधारण ५४ मि.मी. पेक्षा कमी नसावा असे आहे. त्यामुळे एनक्यूचा विचार सोडला आणि एचक्यूचा आग्रह धरला. खर्चावरून थोडी कुरकुर झाली, पण आला.

पाण्याबद्दल ड्रिलर भाऊंशी आधीच बोलून घेतले होते. बिट थंड ठेवायला आणि चुरा वर आणायला पाणी लागतेच. पण बिट जरा भरल्यासारखे वाटले की हात सवयीने व्हॉल्व्हकडे जातो, आणि बोलात तेच पाणी गाभा धुऊन नेते.

“ताई, तांबडं पाणी आलं की समजायचं बोल लागला,” भाऊ म्हणाले.

“आणि जेवढं पाणी तांबडं, तेवढा गाभा कमी.”

ते हसले, पण पाणी कमी केले. रन, म्हणजे एका वेळी खोदायची लांबी, दीड मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणली. सुपरवायझरचा चेहरा उतरला, कारण ड्रिलिंगचे पैसे मीटरवर मिळतात, तासावर नाहीत. बोल ६१.४० मी. ला लागला आणि ६४.६५ ला संपला. बहुतेक सगळा हाती आला.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ

नळी उघडल्यापासून गुंडाळेपर्यंतचा वेळ हाच खरा शत्रू. या महिन्यात वारा कोरडा असतो आणि बोलातली माती स्मेक्टाइट गटाची, म्हणजे पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की आकसणारी. वाळताना पडलेल्या केसासारख्या चिरा पुन्हा ओल दिली म्हणून बुजत नाहीत, उलट वाढतात. वाळलेल्या छिद्रांत हवा असते. बाहेरून पाणी शिरते, हवा आत कोंडते, दाबली जाते आणि दगड आतून फुटतो. बोलाचा तुकडा पाण्यात टाकल्यावर बुडबुडे सोडत ढासळतो तो याच कारणाने. त्यामुळे ‘थोडं पाणी शिंपडून ठेवू’ हा नेहमीचा सल्ला इथे चालत नाही. आहे ती ओल कोंडून ठेवायची, नवी घालायची नाही.

नळीतच असताना मोजपट्टी ठेवून फोटो घेतला. मग गाभ्यावर शेजारी शेजारी दोन रेघा, लाल आणि काळी. गाभा वरचे टोक वर करून उभा धरला की लाल उजवीकडे यायला हवी. पुढे नग कितीही कापला तरी वर कुठे, खाली कुठे हे रेघा सांगतात. मग पातळ प्लॅस्टिक फिल्मचे दोन वेढे, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर मलमलीची पट्टी आणि शेवटी मेण.

मेण उकळते नको. वितळले की लगेच ब्रशने लावायचे. नुसते पॅराफिन गार होताना आकसते आणि तडकते, म्हणून त्यात सूक्ष्मस्फटिकी मेण मिसळतो. फिल्म न लावता थेट मेण लावलेले गाभेही मी पाहिले आहेत. मेण छिद्रांत शिरते, मग घनता चुकते, ओल चुकते आणि काढताना गाभ्याची सालही निघते.

गुंडाळलेला प्रत्येक तुकडा पीव्हीसीच्या अर्धनळीत ठेवला, वरून दुसरी अर्धनळी, चिकटपट्टी. बोअर क्रमांक, खोली, ‘वर’चा बाण नळीवरही आणि आत कागदावरही. चिकटपट्टीवरचे मार्करचे अक्षर प्रवासात पुसले जाते, आतला कागद राहतो.

३ फेब्रुवारी

घाट उतरताना पेटी गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवली नाही. मधल्या सीटवर आडवी, खाली फोम, दोन्ही बाजूंना गोणपाटाच्या गुंडाळ्या. बाकी काही नाही.

६ फेब्रुवारी, प्रयोगशाळा

सगळ्या गुंडाळ्या न उघडता वजन करून नोंदवहीत चढवल्या. हे वजन दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा घेणार. कमी होत गेले तर मेणाला कुठेतरी फट आहे. थर्मोकोलच्या पेटीत, तळाशी ओला स्पंज, मध्ये जाळी, वर गाभे. स्पंजाचा स्पर्श गाभ्याला नाही. आयएसआरएमच्या पद्धतीत साठवणीची मर्यादा ३० दिवसांची आहे. आमच्या हातात त्यातला बराच वेळ शिल्लक आहे, हे ट्रिपल ट्यूबपेक्षाही दुर्मीळ.

एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, घट्ट बेसॉल्टलाही हे सगळं का नाही करायचं?” केले तरी चालेल, पण त्याची सच्छिद्रता इतकी कमी असते की दोन आठवड्यांच्या वाळण्याने फारसे बिघडत नाही. काळजी कुणाची घ्यायची हे दगडाने ठरवायचे. अपवाद एकच: काही घट्ट बेसॉल्टमध्ये क्लोरोफीआइट नावाचे काचेसारखे खनिज हिरव्या ठिपक्यांत असते, ते उघड्या हवेत काळपट पडते. तसा बेसॉल्ट पेटीत नुसता पडून पडूनही झिजतो. आमच्या बोअरमध्ये ५४ मीटरच्या आसपास असे ठिपके दिसले. फोटो घेतला, तोही तुकडा फिल्ममध्ये गुंडाळला.

१० फेब्रुवारी

घट्ट बेसॉल्टचे नग कापून झाले. पाण्याखाली डायमंड ब्लेड, मग सरफेस ग्राइंडर. सांगण्यासारखे काही नाही.

आज नगांची निवड. एकअक्षीय दाबक्षमतेसाठी लांबी व्यासाच्या अडीच ते तीन पट लागते, म्हणजे ६१ मि.मी. ला किमान १५३. टोके घासायला दोन्हीकडे थोडी जास्त धरली तर १६ ते १७ सें.मी. चा सलग, बिनचिरेचा तुकडा हवा. सव्वातीन मीटर बोलातून असे तुकडे मोजून सात निघाले. उरलेले एक तर तिरप्या घसरचिरांवर सुटतात, नाहीतर इतके मऊ आहेत की नखाने ओरखडा उठतो.

इथेच या सगळ्या कामाची अडचण आहे. लांब, सलग तुकडा मिळतो तो बोलाच्या घट्ट भागातून, वरच्या प्रवाहाच्या धगीने भाजून विटेसारखा झालेल्या बाजूकडून. त्याखालचा मऊ, मातकट भाग १६ सें.मी. टिकतच नाही. त्याचा नग होत नाही, म्हणून आकडा होत नाही, म्हणून तो अहवालात नाही. मग बोगद्याचे संकल्पन (डिझाइन) करणारा जे पाहतो ती बोलाची ताकद नसते, बोलातल्या टिकलेल्यांची ताकद असते.

आजपासून नोंदवहीत वेगळे पान काढले: ‘नग होऊ न शकलेले’. खोली, लांबी, कोणत्या टप्प्यावर गेला, कसा गेला.

१३ फेब्रुवारी

मांजऱ्या. कुहरांत हिरवी माती आणि झिओलाइट (स्फटिकात पाणी धरणारी खनिजे), बहुतेक स्टिलबाइट आणि ह्युलँडाइट, मध्ये मध्ये क्वार्ट्झचे दाणे. कापताना त्रास नाही, टोके घासताना आहे. बेसॉल्टची भिंत आणि झिओलाइटचा स्फटिक यांच्या कडकपणात इतका फरक की ग्राइंडरच्या चाकाखाली स्फटिक उखडून निघतो आणि टोकाला खड्डा राहतो.

टोक ०.०२ मि.मी. पर्यंत सपाट हवे, नगाच्या अक्षाशी काटकोनात ०.००१ रेडियनच्या आत हवे. खड्ड्यांच्या मधल्या भागावर डायल गेज (बारीक उंचसखलपणा मोजणारे मापक) फिरवले तर सपाटी मिळते, पण खड्डा आहे तिथे दाबयंत्राची पाटी टेकतच नाही. बाकीच्या भागावर दाब वाढतो आणि नग टोकापासून चिरतो.

कटिंगचे काका म्हणाले, “ताई, चाक बारीक घ्या आणि हात हलका ठेवा. एका वेळी केसभर काढायचं.” बारीक दाण्याचे चाक, एका फेरीत आधीपेक्षा निम्मी खोली, कडेला जुना तुकडा टेकवून आधार. खड्डे कमी झाले, गेले नाहीत. कुठल्या नगाच्या टोकावर अंदाजे किती क्षेत्र खड्ड्यांचे आहे ते फोटोसह लिहून ठेवले. कुहर ही या दगडाची जातच आहे. ती भरून टाकली तर वेगळाच दगड तपासला जाईल.

१७ फेब्रुवारी

बोलाला करवत लावण्यापूर्वी एक कापीव तुकडा काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवला. आधी बुडबुडे, मग कडा सुटल्या, चहा होईपर्यंत तळाशी तांबडी चिकट रास. भाजलेल्या भागातला तुकडा मात्र संध्याकाळपर्यंत उभा होता, नुसत्या दोन चिरा. म्हणजे एका पट्ट्यातले हे दोन वेगळे दगड आहेत आणि त्यांना एका नावाखाली घालू नये. पुढच्या नोंदींत भाजका बोल आणि मऊ बोल असे लिहिते.

पाण्याखाली कापणे बाद. पर्याय तीन होते. केरोसिनसारखे तेल: बोल फुटत नाही, पण तेल आत मुरते, नंतर ओल आणि घनता दोन्ही खोटी पडतात. गोठवून कापणे: ओल्या मातीतले पाणी गोठताना फुगते आणि तीच रचना मोडते जी आपल्याला तपासायची आहे. उरले कोरडे कापणे, दाबाच्या हवेवर. हवेने ब्लेड थंड राहते आणि चुरा उडतो. तोटा हा की हवेनेही पृष्ठभाग वाळतो, म्हणून गाभा फिल्ममध्येच ठेवायचा आणि कापायची जागा तेवढी उघडी.

धूळ. काका म्हणाले, रुमाल बांधला की झाले. नाही झाले. बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका नगण्य, पण खालच्या मांजऱ्यात क्वार्ट्झचे दाणे भरपूर आणि यंत्र तेच, खोलीही तीच. धूळ ओढणारा व्हॅक्यूम ब्लेडजवळ बांधला आणि धुळीचे मास्क काढले. काकांनी मास्क लावला, पण चष्म्यावर वाफ येते म्हणून दिवसभर माझ्यावर नाराज होते.

१९ फेब्रुवारी

कोरड्या कापण्यातही पहिला मऊ बोल ब्लेड बाहेर पडताना कडेने सुटला. हे नेहमीचे: ब्लेड शिरते तिथे दगडाला मागून आधार असतो, बाहेर पडते तिथे नसतो. म्हणून आता गाभा एकटा कापायचा नाही, साच्यासकट कापायचा.

पीव्हीसीची नळी, गाभ्यापेक्षा एक बोट मोठी. मध्यभागी फिल्म आणि फॉइलमध्ये गुंडाळलेला गाभा, भोवती प्लास्टर ऑफ पॅरिसचे दाट मिश्रण. प्लास्टर घट्ट होताना तापते आणि आजूबाजूचे पाणी ओढते. गुंडाळीत एकही भोक नको. त्यासाठी आधी एका बिनकामाच्या तुकड्याबरोबर तापमापकाची तार आत घालून पाहिले. प्लास्टर बाहेर चांगलेच कोमट झाले, आत गाभ्याजवळ त्याहून बरेच कमी, कारण थर पातळ आणि भांडे पाण्यात ठेवले होते. वजनही जुळले, ओल गेली नाही.

मग नळी, प्लास्टर, गाभा असे सगळे एकदम कापले. ब्लेड आता बोलातून नाही, प्लास्टरमधून बाहेर पडते. कडा तीक्ष्ण आल्या. विद्यार्थिनीने पहिली चकती उचलून प्रकाशात धरली, तिच्या चेहऱ्यावर जे होते ते लिहायची गरज नाही.

२४ फेब्रुवारी

टोके. भाजक्या बोलाची टोके साच्यातच कोरडी घासून घेता आली, व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने तपासली, बहुतेक नग मर्यादेत बसले. मऊ बोल बसत नाही. घासले की माती चाकात भरते आणि टोक चकाकते, पण ते सपाट नसते, नुसते सारवल्यासारखे असते.

आयएसआरएमची पद्धत स्पष्ट आहे: यंत्राने सपाट करण्याखेरीज टोकांवर टोपी किंवा दुसरे काही लावू नये. ते घट्ट दगडासाठी बरोबरच आहे, टोपी दगडापेक्षा मऊ असली तर ती आधी बाहेर सरकते आणि सोबत दगडाला फाडते. पण मऊ बोलात उलट स्थिती आहे. दातांच्या डॉक्टरांकडे साचे काढायला वापरतात ते कडक जिप्सम या बोलापेक्षा कितीतरी बळकट. पातळ फिल्मवर एक-दीड मि.मी. ची टोपी, काचेवर दाबून सपाट. नियमापासून फारकत आहे, म्हणून नगाच्या क्रमांकापुढेच ‘टो’ लिहिले. अहवालात तळटीप नाही, रकाना असेल. तळटीप कुणी वाचत नाही.

टोप्या बसल्यावर अल्ट्रासॉनिक वेग घेतला. घट्ट बेसॉल्टमध्ये पी-लाट सेकंदाला पाच-सहा किलोमीटर जाते. बोलात त्याच्या निम्म्याहून कमी मिळणार हे अपेक्षित होते. वेगाचा उपयोग इथे आकड्यापेक्षा तुलनेसाठी. शेजारच्या खोलीवरच्या दोन नगांत एकाचा वेग अचानक पडला तर आत न दिसणारी चीर आहे. तसा एक सापडला. त्याला दाबयंत्राऐवजी ओल आणि घनतेकडे पाठवले. ग्रीस लावले नाही, छिद्रांत जाते. फिल्मवरूनच दाबून वाचन घेतले.

२८ फेब्रुवारी

ब्रेशिया. बेसॉल्टचे टोकदार तुकडे, मध्ये तांबूस भुकटीचे जोडकाम, कुठे कुठे झिओलाइटने सांधलेले. इथे कापण्याची अडचण नंतरची, आधी प्रश्न हा की नग कशाचा आहे. व्यास सर्वांत मोठ्या दाण्याच्या किमान दहा पट असावा असा नियम. ६१ मि.मी. ला दाणा सहा मि.मी. पर्यंत चालेल. इथे तुकडे तीन-चार सें.मी. चे. नगाच्या मध्यात असा एक तुकडा आला तर आपण बेसॉल्ट दाबत असतो, तो बाजूला गेला तर मधली भुकटी दाबत असतो. दोन नगांचे निकाल चौपट वेगळे आले तरी कुणी चुकलेले नसते.

संकल्पन कार्यालयातून फोन आला. “ब्रेशियाचा एकच आकडा द्या ना, सरासरी चालेल.” सरासरीने काम होणार नाही, असे सांगितले. त्यापेक्षा गाभ्याच्या उलगडलेल्या फोटोवर तुकडे किती आणि भुकटी किती हे क्षेत्रफळाने मोजून देतो, भुकटीचे स्वतंत्र छोटे नमुने तपासतो, आणि बोगद्यात या पट्ट्याचे वर्गीकरण खडकाच्या एकूण बांधणीवरून करा. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग, “ठीक आहे, पण सरासरीही लिहा.” लिहीन, शेजारी किमान आणि कमालसह.

पॉइंट लोडने, म्हणजे दोन टोकांमध्ये दाबून तुकडा फोडण्याच्या चाचणीने, प्रश्न सुटेल असे वाटत होते, कारण त्याला घडवलेला नग लागत नाही, ओबडधोबड तुकडाही चालतो. पण दाबक्षमता २५ मेगापास्कलच्या खाली गेली की पॉइंट लोडवरून काढलेला अंदाज विश्वासाचा राहत नाही. मऊ दगडात टोक रुततेच, फुटणे नंतरचे. ब्रेशियातल्या बेसॉल्टच्या तुकड्यांना वापरला, भुकटीला नाही.

४ मार्च

मऊ बोलाचे जे तुकडे १६ सें.मी. भरत नाहीत त्यांचे काय? फेकायचे नाहीत. अप्रत्यक्ष ताणक्षमतेच्या, ब्राझिलियन चाचणीच्या चकतीला जाडी व्यासाच्या निम्म्याएवढी पुरते, म्हणजे तीन सें.मी. साच्यात कापून चकत्या निघाल्या. दाबक्षमतेला न पोहोचलेल्या भागाचा निदान ताणाचा आकडा मिळेल.

आणि त्याहून लहान तुकडे स्लेक ड्युरेबिलिटीला, म्हणजे पाण्यात दगड किती टिकतो त्या चाचणीला. फ्रँकलिन आणि चंद्रा यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही चाचणी मला यंत्रांत सर्वांत प्रामाणिक वाटते. ४० ते ६० ग्रॅमचे दहा गोळे, दोन मि.मी. जाळीचे पिंप, अर्धे पाण्यात, दहा मिनिटांत २०० फेरे, मग ओव्हन, मग पुन्हा. जाळीत किती उरले ते वजन. मऊ बोल दुसऱ्या आवर्तनाअखेर जवळजवळ सगळा खाली गेला. भाजका बराचसा राहिला. बोगद्यात हा पट्टा उघडा पडला आणि वरून पाझर असला, तर शॉटक्रीट (फवारून लावायचे काँक्रीट) किती लवकर मारावे लागेल याचे उत्तर दाबक्षमतेच्या आकड्यात नसून या पिंपात आहे.

८ मार्च

ओव्हनचा वाद. ओल काढण्याच्या नेहमीच्या पद्धतीत १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात आणि गेले तेवढे पाणी छिद्रांतले धरतात. मांजऱ्यात आणि बोलात हे गृहीतक लंगडे पडते. झिओलाइटच्या स्फटिकाच्या पिंजऱ्यातच पाणी असते आणि तापवले की तेही निघू लागते. लोमोंटाइट तर नुसत्या कोरड्या हवेतही पाणी सोडून भुगा होते, संग्रहालयवाल्यांची डोकेदुखी. स्मेक्टाइटच्या थरांमधले पाणी तसेच. म्हणजे १०५ अंशांवर आपण ओलीबरोबर खनिजही थोडेसे मोडतो, आणि सच्छिद्रता आहे त्याहून जास्त दिसते.

दोन ओव्हन लावले: एक १०५ वर, नियमासाठी, एक ६० वर, तुलनेसाठी. एकाच खोलीच्या जोड्या. घट्ट बेसॉल्टमध्ये दोन्ही सारखे. झिओलाइट जास्त असलेल्या मांजऱ्यात आणि बोलात १०५ चा आकडा ठळकपणे मोठा. दोन्ही देणार. एकदा १०५ वर वाळवलेला नग पुन्हा ताकदीच्या चाचणीला वापरायचा नाही, हे खोलीच्या दारावर चिकटवले.

११ मार्च

दाबयंत्र. वेग सेकंदाला अर्धा ते एक मेगापास्कल अशी शिफारस आहे, मऊ बोलात त्या वेगाने नग डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो. नग पाच ते दहा मिनिटांत मोडावा या दुसऱ्या अटीला धरून वेग बराच कमी ठेवला आणि लिहून ठेवला. साठवणीचे ३० दिवस उलटले होते, तेही सोबत लिहिले. गुंडाळी शेवटच्या क्षणी सोडली. मोडल्याबरोबर तुकडे गोळा करून ओल काढायला पाठवले, म्हणजे आकडा कोणत्या ओलीवरचा आहे ते नक्की.

भाजका बोल बरा निघाला. ‘टो’ लावलेले मऊ नग अपेक्षेप्रमाणे खाली. एक नग वरच्या टोपीजवळ मोडला, तो निकालातून काढला नाही, पण त्याच्यापुढे तसे लिहिले.

१५ मार्च

अहवालाचा मसुदा. बोलाच्या तक्त्यात दाबक्षमतेच्या आकड्यांच्या आधी एक रकाना टाकला: त्या अर्ध्या मीटरच्या रनमधून किती लांबी नगापर्यंत पोहोचली. ६१.४० ते ६२.४० मध्ये निम्म्याहून जास्त. ६३ च्या खाली जवळजवळ काही नाही. ‘नग होऊ न शकलेले’ पान जसेच्या तसे परिशिष्टात, फोटोंसह: नळीतच सुटलेले, ब्लेडवर गेलेले, घासताना सारवले गेलेले.

संकल्पनवाल्या साहेबांनी मसुदा पाहून फोन केला. त्यांना परिशिष्ट लांब वाटले. मग म्हणाले, “म्हणजे तुमच्या तक्त्यातला बोलाचा आकडा हा वरच्या मीटरचा आहे, असंच ना?” हो, असेच. “मग खालच्या दोन मीटरला मी काय धरू?” चकत्यांचा ताण, पिंपातला निकाल, आणि दाबक्षमतेसाठी ‘टो’वाल्यांतला सर्वांत कमी; तोही वरची मर्यादा समजून. ते बोगद्याची पातळी दीड मीटर वर घेता येईल का ते पाहणार आहेत, छत घट्ट बेसॉल्टमध्ये राहील. उताराचे गणित बसले तर.

१७ मार्च

उरलेले गाभे पेट्यांत परत, मऊ बोलाचे दोन तुकडे मेणातच ठेवले, कुणाला पुन्हा तपासायचे असेल तर. पुढच्या बोअरचे ड्रिलिंग सोमवारी सुरू होते. भाऊंना फोन करून ट्रिपल ट्यूब आणि एचक्यूचे बिट सोबत न्यायला सांगितले. मेण, मलमल आणि पीव्हीसी नळ्या मागवल्या. काकांसाठी चष्म्यावर वाफ न येणारा मास्कही यादीत घातला आहे.